बिनझाडाचे जंगल



धानाचे पुंजणे बांध्यांतून उठले, मळणी आटोपली, आणि माणसे जरा बोलायला मोकळी झाली. अशा वेळी आमच्या भागात दोनच विषय निघतात. एक वाघाचा, दुसरा सरकारचा. दोघेही कधी येतील याचा नेम नाही, आणि येऊन गेल्यावर काय गेले ते मोजत बसावे लागते. वाघाचे आज राहू द्या. त्याच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि तो काही वर्तमानपत्र वाचत नाही. आज सरकारचे घेऊ.

त्याचे असे झाले. आमच्या शाळेत मुलींसाठी संडास बांधायचा होता. पैसे आले, मंजुरी आली, विटांचा ट्रॅक्टरसुद्धा येऊन पडला. मग कोणीतरी जागेचा कागद काढला. कागदावर लिहिलेले होते, ‘झुडपी जंगल’. झाले! फाईल आली तशी परत गेली, आणि शेऱ्यात लिहून आले की सदर जागा वनजमीन असल्याने केंद्र शासनाची पूर्वपरवानगी सादर करावी.

आता ही ‘वनजमीन’ कशी आहे ते ऐका. तिच्यावर शाळा आहे. शाळेत आमच्या गावचे तीन पिढ्यांचे लोक शिकले, त्यांत खुद्द सरपंचबाई आहेत, आणि त्यांची सूनही आहे. शाळेपुढे हातपंप आहे. मागे अंगणवाडी, तिच्या पलीकडे पाण्याची टाकी. आणि कोपऱ्यात एक बाभळीचे झाड आहे, ज्याला पोरे सायकली टेकवतात. एवढ्या सगळ्या जंगलाचा भार त्या एका बाभळीवर आहे. तीही मागच्या वादळात वाकली. उद्या ती पडली तर या जंगलात जंगल म्हणून काय उरेल, हा प्रश्न मी कोतवालाला विचारला. तो म्हणाला, “कागद उरते ना जी!”

कोतवालाचे म्हणणे खरे आहे. कागदाला वाळवी लागते, पण कागदावरच्या शब्दाला वाळवी लागत नाही. हा शब्द कुठून आला ते जरा सांगतो, कारण त्याच्यात आपल्या सहा जिल्ह्यांची सगळी कथा आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली, एवढ्याच मुलखात हा शब्द सापडतो. साताऱ्याच्या किंवा सोलापूरच्या माणसाला सांगा की माझ्या शाळेखाली झुडपी जंगल आहे. तो म्हणेल, तुम्ही शाळा झाडावर बांधता की काय?

आपला हा मुलूख पूर्वी मध्य प्रांतात होता. गावे मालगुजारांची होती. गावाला लागून थोडी काटेरी, मुरमाड, न पिकणारी जागा असायची. तिथे जनावरे चरायची. कुंपणाला बोरी-बाभळीच्या काट्या तिथून यायच्या, चुलीला जळण तिथून यायचे. गावाचा आखरही बहुधा तिथेच. यालाच निस्तार म्हणायचे, आणि तो गावाचा हक्क होता. बंदोबस्ताच्या वेळी कारकून गावात आला, त्याने ती जागा पाहिली. मोठी झाडे दिसली तिथे त्याने ‘मोठ्या झाडांचे जंगल’ लिहिले, आणि खुरटी झुडपे दिसली तिथे ‘झुडपी जंगल’ लिहिले. बिचाऱ्याने डोळ्यांना दिसले ते लिहिले. त्याच जागेला देशावरच्या कारकुनाने ‘गायरान’ लिहिले. तिथल्या गायी तेच गवत खात होत्या, आणि इथल्याही. पण तिकडची जागा गायीच्या नावाने राहिली, आणि आपली झुडपाच्या नावाने चढली.

१९५१ साली मालगुजारी गेली, जागा सरकारजमा झाली. १९५६ साली विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. राज्ये बदलली, राजधानी बदलली, दप्तर तेच राहिले. दरम्यान गावे वाढली. वाढायला जागा हवी होती, ती सरकारनेच दिली. शाळा द्या, दवाखाना द्या, बेघरांना प्लॉट द्या, भूमिहीनांना दोन एकर द्या. तहसील कार्यालयातून पट्टे मिळाले, फोटो निघाले, भाषणे झाली. तेव्हा या जागेला जंगल म्हणून कोणी ओळख दिली नाही.

मग २५ ऑक्टोबर १९८० उजाडला. वन संवर्धनाचा कायदा आला. त्याने सांगितले की वनजमिनीचा दुसऱ्या कामासाठी उपयोग करायचा असेल तर राज्याने आधी केंद्राला विचारावे. कायदा चांगला होता. त्याच्याआधी राज्याराज्यांतून जंगले वाटेल तशी वाटली जात होती, हे आपण विसरू नये. प्रश्न एवढाच उरला की झुडपी जंगल हे जंगल की नाही. राज्य म्हणे नाही, केंद्र म्हणे आहे. या दोघांच्या पत्रव्यवहारात माणसे लहानाची मोठी झाली, नोकरीला लागली आणि निवृत्त झाली. १९८२ साली चंद्रपूरचा गडचिरोली वेगळा झाला, एक जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले, पण एका शब्दाचा अर्थ लागला नाही.

पुढे नीलगिरीतली जंगले वाचवावीत म्हणून गोदावर्मन तिरुमलपाद नावाच्या गृहस्थांनी १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. माणूस तिकडच्या एका जुन्या जमीनदार घराण्यातला. त्यांना आपली बाभूळ ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. पण त्यांच्या अर्जावर १२ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने सांगितले की शब्दकोशात ज्याला जंगल म्हणतात ते जंगल, आणि शिवाय सरकारी दप्तरात ज्याची जंगल म्हणून नोंद आहे तेही जंगल, मग मालक कोणी का असेना. मंडळी, आपली गोम इथे आहे. शब्दकोश घेऊन आमच्या शाळेपुढे उभे राहिलात तर जंगल दिसणार नाही. पण दप्तर उघडले की दिसते. आणि सरकारी कामात डोळ्यांपेक्षा दप्तराची नजर तेज असते, हे मी तुम्हाला काय सांगावे!

आता ताज्या निकालाकडे येतो. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या झुडपी जंगलाचा निवाडा दिला. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई आपल्या अमरावतीचे, त्यामुळे झुडपी म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगायला वकिलांना नकाशा लागला नसेल. निकालात मुख्य गोष्ट अशी की झुडपी जंगल हे जंगलच समजले जाईल. सुटका नाही. मात्र १२ डिसेंबर १९९६ च्या आधी योग्य अधिकाऱ्याने ज्या जागा वाटल्या, तिथली घरे, शाळा, शेते, कार्यालये पाडा असे न्यायालय म्हणाले नाही. राज्याने जिल्हावार प्रस्ताव करावा, केंद्राकडे पाठवावा, आणि त्या जागा जंगलाच्या यादीतून काढून घ्याव्यात. त्यासाठी दुसरीकडे झाडे लावण्याची अट नाही, पैसे भरण्याचीही नाही.

न्यायालयापुढे हेही आले होते की या झुडपी जंगलात नागपूरचे उच्च न्यायालय येते, जुने सचिवालय येते, केंद्राची कार्यालये येतात आणि स्मशानेही येतात. वाचून मला फार बरे वाटले. आमच्या शाळेचा संडासच तेवढा जंगलात आहे असे वाटून आम्ही खालमानेने बसलो होतो. आता कळले की न्यायमूर्तीही आमच्याच जंगलात बसतात.

१९९६ नंतर ज्या जागा वाटल्या गेल्या त्यांचे मात्र कडक आहे. का वाटल्या त्याचे कारण द्या, कोणत्या अधिकाऱ्याने वाटल्या त्यांची यादी द्या, आणि त्यांच्यावर कायद्याने कारवाई झाल्याची खात्री पटल्यावरच केंद्राने प्रस्ताव हाती घ्यावा, असे न्यायालयाने सांगितले. हे वाचून आमच्या पानठेल्यावर मोठी करमणूक झाली. यादी कोण करणार? तर अधिकारी. कोणाची? तर अधिकाऱ्यांची. एक जण म्हणाला, “कोंबड्याची यादी कोल्ह्याकडं देल्ली असती तं लवकर झाली असती.” यादी करायची तर समिती हवी. समितीला बैठक हवी, बैठकीला भत्ता हवा, दौऱ्याला गाडी हवी, गाडीला डिझेल हवे. ज्यांची यादी करायची त्यांतले किती पेन्शनीत गेले असतील आणि किती देवाघरी, हे शोधायला पुन्हा एक उपसमिती. ही थट्टा झाली. पण पैसा कुठे जातो त्याचा मार्ग असाच असतो, आणि तो कुठल्याही अंदाजपत्रकात ‘झुडपी’ या नावाखाली छापून येत नाही.

आणखी एक. २५ ऑक्टोबर १९८० नंतरची अतिक्रमणे काढायला जिल्ह्याजिल्ह्यात पथक नेमावे आणि दोन वर्षांत काम संपवावे, असाही आदेश आहे. त्या पथकात महसूल, पोलीस, वन आणि भूमी अभिलेख अशा चारही खात्यांचे अधिकारी असावेत आणि त्यांना दुसरे काम देऊ नये. दुसरे काम नसलेला सरकारी अधिकारी! आमच्या तलाठ्याला हे सांगितले तर तो बराच वेळ गप्प बसला. त्याच्याकडे चार गावांचा साझा, निवडणूक याद्या, पीक पाहणी, अनुदानाचे पंचनामे.

हसण्यावारी नेऊन चालणार नाही, कारण इथे आमच्या टोलीवरच्या एका म्हातारीचा प्रश्न आहे. तिचे कुडाचे घर झुडपी जागेत आहे. घरकुलाच्या यादीत नाव लागले. ते घरकुल म्हणजे मंत्र्यांच्या दौऱ्यातल्या मांडवाएवढे. पण जागा तिच्या नावाची नाही, म्हणून अडले. ती त्या जागेवर लग्न होऊन आली, तिथेच तिची मुले झाली, तिथूनच नवऱ्याला नेले. पट्टा मिळाला होता का, असे विचारले तर ती म्हणते, “देल्ला होता जी कागद, पुरात गेला.” कागद पुरात वाहून गेला, आणि शब्द दप्तरात कोरडा राहिला. मागच्या पावसाळ्यात वाघ तिच्या परसातून शेळी घेऊन गेला. तेव्हा पोरांनी हिशेब मांडला. जागा जंगलाची, म्हणजे वाघ आपल्या घरी होता, आणि अतिक्रमणात होती ती म्हातारी आणि तिची शेळी.

न्यायालयावर राग काढू नका. मीही काढत नाही. नागपूरच्या आजूबाजूला झुडपी जागांवर डोळा ठेवून बसलेले लोक आहेत. दार जरा उघडले तर म्हातारीच्या घरकुलाआधी त्यांचे ले-आऊट आत शिरतील. न्यायालयाने ते दार लावून घेतले. चूक झाली ती त्याआधी. जे काम १९८० साली एका पावसाळ्यात पायी फिरून झाले असते, ते पंचेचाळीस वर्षे पत्रांवर ढकलले गेले. राज्याच्या हिशेबात सहा जिल्ह्यांत मिळून झुडपी जंगल सुमारे १ लाख ७८ हजार हेक्टर. त्यातले ८६ हजारांच्यावर हेक्टर वनव्यवस्थापनाच्या कामाचे नाही, असे सरकारच म्हणत आले. म्हणत आले, एवढेच.

आता पैशाकडे वळू, कारण खरे जंगल तिथे आहे.

खाणीला, धरणाला, रस्त्याला जंगल द्यायचे झाले तर घेणाऱ्याने पैसे भरायचे आणि त्या पैशातून दुसरीकडे जंगल उभे करायचे, याला पर्यायी वनीकरण म्हणतात. हा पैसा ‘कॅम्पा’ नावाच्या निधीत जातो. २०१६ साली त्याचा कायदा झाला, आणि २०१९ साली केंद्राने साठलेल्या रकमेतून राज्यांना एकदम ४७ हजार कोटींच्यावर पैसे दिले. महाराष्ट्राच्या वाट्याला ३,८०० कोटींहून अधिक आले. वाईट नाही. पण झाडे लावायची कुठे? जंगल नसलेली मोकळी जागा हवी. ती आपल्याकडे कुठून आणायची? मग झुडपी जागा दाखवायची. म्हणजे बघा, इकडे जंगल तोडायचे, आणि त्याच्या बदल्यात जंगल म्हणून नोंद असलेल्या जागेत जंगल लावायचे. आमच्या घरी कोणी पाहुणा आला आणि माझ्याच कोठीतले तांदूळ मला भेट म्हणून देऊ लागला, तर मी त्याला काय म्हणेन ते इथे छापता येणार नाही. न्यायालयाने आता यालाही लगाम घातला आहे. दुसरी जागा खरोखर नाही असा दाखला राज्याच्या मुख्य सचिवांनी द्यावा, आणि तरीही झुडपी घ्यायची तर दुप्पट घ्यावी.

या निधीचे काय होते ते दूर उत्तराखंडात महालेखापरीक्षकांनी तपासले. त्यांचा अहवाल २०२५ च्या फेब्रुवारीत तिथल्या विधानसभेत आला. झाडांच्या पैशातून आयफोन, लॅपटॉप आणि फ्रीज घेतल्याचे निघाले. फ्रीजमध्ये रोपे ठेवली असतील, असे आमचे मास्तर म्हणाले. मास्तर फार भला माणूस आहे.

आपल्या राज्यातही झाडांचा मोठा सण झाला. २०१६ साली दोन कोटी झाडांचा संकल्प, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी, २०१९ साली तेहतीस कोटी. त्या वेळचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातले. देव तेहतीस कोटी, झाडेही तेहतीस कोटी. देवांची मोजणी कोणी केली नाही, तशी झाडांचीही कोणी मागितली नसती, पण सरकार बदलले. २०२१ साली विधानसभेत आकडे आले. वन विभागाने लावलेली रोपे अठ्ठावीस कोटींच्यावर, खर्च सुमारे २,४०० कोटी, आणि त्यांतली तीन-चतुर्थांश जिवंत आहेत. चौकशीसाठी आमदारांची समिती जाहीर झाली. तुम्ही पाटीवर भागाकार करून पाहा. एका रोपामागे पंच्याऐंशी रुपयांच्या वर पडतात. तेवढ्यात खड्डा, खत, राखण आणि पाणी येते, म्हणजे भाव अवाजवी नाही. मी भावावर बोलतच नाही. माझे म्हणणे जागेवर आहे. गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांश भाग आजही जंगलाखाली आहे. तिथे झाड उगवायला समारंभ लागत नाही. आमच्या भागात मोहाचे झाड कोणी मुद्दाम लावलेले मी पाहिलेले नाही. त्याला वणव्यापासून वाचवले आणि खाली पोरांनी नीट राखले, की ते आपले आपण उठते. तिथे लागतो तो राखणदार, आणि राखणदाराच्या पगाराचा फोटो निघत नाही.

आणि याच २०२५ सालात सुरजागडच्या लोहखनिजाच्या प्रकल्पासाठी नऊशेच्यावर हेक्टर जंगल देण्यास आणि लाखाहून अधिक झाडे तोडण्यास केंद्राकडून परवानगी मिळाली. खाणीने काही पोरांना रोजगार मिळाला, हेही खरे, आणि मी ते नाकारत नाही. पण नऊशे हेक्टरची फाईल दिल्लीला जाऊन परत येते, आणि आमच्या शाळेच्या दोन गुंठ्यांची फाईल तालुक्याच्या पायरीवर धापा टाकते, हे कसे? फाईल जितकी जड तितकी ती लवकर चालते. वजनाचा हा नियम तराजूत उलटा असतो, दप्तरात सुलटा.

शब्दांचे हे खूळ काही एकट्या झुडपीचे नाही. आपला बांबू घ्या ना. बांबू हे गवत, असे शास्त्र सांगते. १९२७ च्या वन कायद्याने त्याला झाड केले, आणि झाड म्हटल्यावर तो गावाच्या हातून गेला. टोपली विणणारा बुरूड चोर ठरला आणि कागदाच्या कारखान्याला तो सवलतीत मिळाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले आणि त्याचा हक्क ग्रामसभेला दिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू तोडून विकायचा तर वाहतुकीचा परवाना हवा, आणि तो देणार वन विभाग. गाव अडून बसले. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढ्याला आले, आणि परवान्याचे पुस्तक देवाजी तोफा आणि त्यांच्या ग्रामसभेच्या हाती दिले. तेवढे एक पुस्तक गावात पोचवायला केंद्र आणि राज्य दोन्ही सरकारे यावी लागली. छपाईचा खर्च किती आणि पोचवणावळ किती, याचा हिशेब कोणी ठेवला असेल तर मला वाचायला आवडेल. मग २०१७ साली केंद्राने वटहुकूम काढून कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला. पण बांधावरचा बांबू तेवढा मोकळा झाला. जंगलातला जुन्याच कायद्याखाली राहिला. मधे एखादा बांबू बांधावरून जंगलात वाकला तर तो कोणत्या कलमाखाली येतो, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

तरी मेंढ्याच्या त्या गोष्टीत आपल्या कामाचे काहीतरी आहे, म्हणून ती सांगितली. गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या ओट्यावर आम्ही दहा-बारा जण बसलो आणि कायद्याचे पुस्तक काढले. मी वकील नाही. पण छापलेले वाचता येते, आणि मास्तरांना त्याचा अर्थ लावता येतो. त्यातून दोन गोष्टी निघाल्या.

पहिली अशी. झुडपी जंगल हे जंगल आहे ना? ठीक आहे, हरकत नाही. मग जंगलाचा दुसरा कायदाही इथे आला पाहिजे. वनहक्क कायद्याच्या कलम ३ च्या पोटकलम २ मध्ये तेरा कामे दिली आहेत. त्यांत शाळा आहे, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेची तार, पिण्याचे पाणी, तलाव, लहान कालवा, रस्ता, समाजमंदिर हेही आहे. या प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा लागत असेल आणि हेक्टरी पंच्याहत्तरपेक्षा जास्त झाडे तोडावी लागत नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवर ती जागा मिळू शकते. आमच्या जागेत झाड एक आहे, आणि तेही तोडायचे नाही. मुलींचा संडास शाळेचाच भाग, असे आम्ही ठरावात लिहिले. स्मशान मात्र त्या तेरांत नाही. घरकुलही नाही. म्हणजे गावात शिकायची, आजारी पडायची आणि पाणी प्यायची सोय कायद्यात आहे. राहायचे आणि मरायचे असेल तर त्याचा अर्ज वेगळा.

दुसरी गोष्ट म्हातारीची. वनहक्काचा दावा १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्यावर करता येतो. आदिवासी असेल तर त्याला एवढे पुरते. इतरांना मात्र तीन पिढ्यांचे, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. म्हातारीचे वय एकोणसत्तर. तिने जन्माला येण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून इथे राहायला हवे होते. पण वास्तव्य एकट्या तिचे धरायचे नाही, सासऱ्याचे आणि आजेसासऱ्याचेही धरायचे, आणि गावातल्या जाणत्या माणसाचा जबाब लिहून घेतला तर नियमात तो पुरावा म्हणून चालतो. आमच्या गावात नव्वदीचे एक आजोबा आहेत, ते तिच्या सासऱ्याबरोबर बैल चारायचे. त्यांचा जबाब घ्यायचे ठरले. आजोबांना ऐकू कमी येते, पण आठवते सगळे. सरकारचे नेमके उलटे. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कब्जा काढता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. तेव्हा कोणी नोटीस घेऊन आला तर म्हातारीने आधी दाव्याची पोच दाखवावी.

आता तुमच्या गावचे बघा. १९९६ च्या आधीच्या जागा यादीतून सुटतील असे न्यायालय म्हणाले, पण ती यादी आकाशातून पडणार नाही. राज्याने करायची, म्हणजे तालुक्यात व्हायची, म्हणजे कोणीतरी टेबलावर बसून करायची. तुमच्या गावची विहीर त्या टेबलावर पोचली नाही तर ती जंगलातच राहील. तलाठ्याकडून आपल्या गावचे झुडपी गट क्रमांक काढून घ्या. १९५४-५५ चा अधिकार अभिलेख आणि निस्तार पत्रक यांच्या नकला मागा. शाळेचा दाखल-खारीज रजिस्टर कोणत्या सालापासून आहे ते पाहा. घरपट्टीचा जुना नमुना ८ ग्रामपंचायतीच्या कपाटात असेल, वाळवीने ठेवला असेल तेवढा सांभाळा. पट्टा मिळाला असेल तर त्याची प्रत पेटीतून बाहेर काढा, पुराची वाट पाहू नका. आणि जे वाटले गेलेले नाहीत असे तीन हेक्टरच्या आतले सुटे तुकडे आता संरक्षित वन व्हायचे आहेत. त्यांत तुमचा आखर किंवा गुरांचा रस्ता येतो का, तेही आताच बघून ठेवा.

सरकारला माझे एकच मागणे आहे, आणि ते फुकटचे नाही. एका वर्षी खड्डे कमी खणा आणि त्या पैशातून मोजणीदार नेमा. तो साखळी घेऊन, म्हणजे आता यंत्र घेऊन, गावोगाव फिरेल. गावाला बरोबर घेऊन इथे शाळा, इथे घर, इथे खरेच झुडूप, असे लिहील. पहिल्या कारकुनाने डोळ्यांना दिसले ते लिहिले, तसेच याने लिहावे. पंचेचाळीस वर्षांच्या वकिलांच्या फीपेक्षा हे स्वस्त पडेल असा माझा अंदाज आहे. वकिलांच्या फीचा आकडा सरकारने कधी छापला तर अंदाज तपासून पाहीन.

आमच्या ग्रामसभेने ठराव केला. सरपंचबाईंनी सही केली, अंगठे उठले, आणि मी व मास्तर असे दोघे ठराव आणि मोजणीचा अर्ज घेऊन परवा तालुक्याला गेलो. ज्या टेबलावर द्यायचा तिथली खुर्ची रिकामी होती. शिपायाला विचारले, साहेब कुठे आहेत? तो म्हणाला, “साहेब वृक्षारोपणाच्या बैठकीला गेले जी. सोमवारी या.”

सोमवारी पुन्हा जाणार आहोत. मास्तरांनी रजेचा अर्ज टाकला आहे. एसटी सकाळी साडेसातची, डबा बरोबर घेऊ.